अकरा सेकंदांची तानाबाई

मोगरानं सलग दुसऱ्यांदा धार दिली नाही, तेव्हा कृष्णातनं आईचं लुगडं नेसायचं ठरवलं.

मोगरा ही म्हैस होती. नावाचा आणि रंगाचा काही संबंध नव्हता. कृष्णातच्या आईला, तानाबाईंना, मोगऱ्याची फुलं आवडायची आणि म्हैसही आवडायची, एवढाच त्यामागचा विचार. कोल्हापूरजवळ, कळंब्याच्या अलीकडे, निवृत्त लोकांचे बंगले संपतात आणि उसाचे फड सुरू होतात, तिथल्या अगदी कडेच्या गोठ्यात ती राहायची. नऊ वर्षांत तिच्या सडांना तानाबाईंखेरीज कुणाचा हात लागला नव्हता. तानाबाई कुठं गावाला जायच्या नाहीत, त्यामुळं हा प्रश्न कधी आला नाही. काल मात्र लेकीकडं, गडहिंग्लजला नातीचं बारसं होतं. सकाळची धार काढून तानाबाई एसटीनं गेल्या, संध्याकाळच्या धारेला परत येणार होत्या. बारशाच्या घुगऱ्या वाटताना उंबऱ्यावर पाय घसरला आणि आता तो तीन आठवडे प्लास्टरमध्ये होता.

कृष्णात तालमीतला गडी. वजन एकशे दोन किलो, त्यात मिशी वेगळी. आईचं नऊवारी त्याला सहावारीसारखं आलं.

"पदर डोक्यावरनं घ्या," त्याची बायको तेजस्वी म्हणाली. "आत्ती तसाच घेत्यात." सासूला ती आत्ती म्हणायची.

"घेतलाय की."

"मग मिशी झाका."

"आईला मिशी न्हाय हे म्हशीच्या ध्यानात हाय व्हय?"

होतं. मोगरानं आधी पदराचा वास घेतला, जिभेनं काठ चाटला, मग मान वळवून वरती तोंडाकडं पाहिलं. त्यानंतर तिनं मागचा पाय उचलला आणि बादलीत ठेवला. आपटला नाही, नुसता ठेवला. या शांतपणानंच कृष्णात खचला.

दहा वाजता जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी कास दाबून पाहिली आणि तोंड बारीक केलं. "तटाटलीय. आज संध्याकाळी मोकळी झाली पाहिजे, नाहीतर दगडी होणार. एखादा सड कायमचा जाईल. मी सात वाजता पान्ह्याची सुई घेऊन येतो."

कृष्णातनं आईला फोन लावला. तानाबाईंनी स्वतःच्या पायाविषयी चकार शब्द काढला नाही.

"सुई लावायची न्हाय, सांगून ठेवतो," त्या म्हणाल्या. कोल्हापूरकडच्या बायका स्वतःविषयी बोलताना पुरुषासारखं बोलतात, आणि ऐकणाऱ्याला शंका उरत नाही. "एकदा सुईची सवय लागली की म्हस माणसाकडं बघत न्हाय. नऊ वर्सं मी तिला तोंडानं सांगून दूध घेतोय. तिला रोजच्यासारखं सांगितलं की सोडतीया."

"काय सांगतीस रोज?"

"ते माझं आन् तिचं हाय."

शेवटी तोडगा निघाला. क्रांतीनं, म्हणजे लेकीनं, आईपुढं मोबाईल धरायचा, आईनं रोजच्यासारखं बोलायचं, ते इकडं पाठवायचं. तानाबाईंनी खोलीतून विहिणीला, जावयाला, बारशाच्या पाहुण्यांना बाहेर घालवलं, क्रांतीला भिंतीकडं तोंड करायला लावलं आणि मगच तोंड उघडलं. चार मिनिटं दहा सेकंदांचं बोलणं दुपारी एकला गोठ्यात पोचलं.

कृष्णातनं मोबाईल मोगराच्या कानाशी धरला. आतून तानाबाई म्हशीला उभं राहायला सांगत होत्या, मग पेंडीविषयी काही बोलल्या, आणि मग म्हणाल्या, "आमच्या तेजस्वीची भाकरी म्हंजी, काय सांगू तुला मोगरे..."

तेजस्वी शेजारीच उभी होती. कृष्णातनं झटकन मोबाईल बंद केला.

"का बंद केलासा?"

"रेंज गेली."

तेजस्वीला शेण टाकायला पाठवून त्यानं पहिल्यापासून लावलं. या वेळी बोलणं भाकरीच्या पुढं गेलं, पण तेजस्वी येतीय का या धास्तीनं ते त्याला धड ऐकू गेलं नाही, आणि तेवढ्यात समाचाराला शेजारच्या झुंबरबाई आल्या, आणि नेमक्या त्याच क्षणी मोबाईलमधून "झुंबरबाईचा चा" एवढे शब्द निघाले. मोबाईल पुन्हा बंद झाला. मोगरा रवंथ करत राहिली.

"मोबाईलवर हुईत न्हाय," कृष्णातनं जाहीर केलं.

गोठ्याला लागून एक कमरेएवढी भिंत होती आणि भिंतीपलीकडं बिनीवाले सरांचा बंगला. माधव बिनीवाले तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती. सकाळपासून त्यांनी तीनदा कोरा चहा करून तीनदा ओतून दिला होता. पण दूध आलं नाही याचं त्यांना विशेष नव्हतं. विशेष याचं होतं, की सकाळी साडेसहाला घंटा वाजली नाही आणि "सर, दूध. उठलायसा न्हवं?" असं कुणी विचारलं नाही.

चार वर्षांपूर्वी सरांच्या पत्नी नंदिनीबाई गेल्या, त्याआधी आठ महिने त्या अंथरुणाला होत्या. तेव्हा आणि त्यानंतरही, तानाबाईंची घंटा एक दिवस चुकली नव्हती. सरांनी आत ओ दिल्याशिवाय त्या फाटकातून हलायच्या नाहीत. या सगळ्याबद्दल काहीतरी करावं असं सरांना फार वाटायचं. एकदा त्यांनी साडी घेऊन दिली. तानाबाईंनी ती हातात घेऊन कापड चांगलं असल्याचं सांगितलं, आणि घडी न मोडता परत केली. "दुधाचं ठरलंय की आपलं," त्या म्हणाल्या. उपकार करणारी माणसं फेडून घ्यायला तयार नसली की फार अडचण होते.

सर भिंतीशी आले. कृष्णातनं सगळं सांगितलं. सरांनी डोळे मिटून ऐकलं, आणि उघडले तेव्हा त्यांत एक चमक होती. त्यांच्या विद्यार्थ्यांनी ती पाहिली असती तर ते पांगले असते.

"कृष्णात, तुझी आई धार काढताना डोकं कुठं ठेवते?"

"म्हशीच्या पोटाला टेकवून. खाली बादलीत बघत."

"म्हणजे मोगरानं नऊ वर्षं तिचा आवाज बादलीतून ऐकलाय. पत्र्याचा, घुमलेला. मोबाईल आवाज फार स्वच्छ करतो. मोगराला वाटत असेल, ही कोण शिकलेली बाई."

"मग आवाज घाण करायचा म्हणता?"

"काटेकोरपणे घाण करायचा," सर म्हणाले.

इथं सरांच्या संगणकाविषयी सांगायला हवं. तो जुना होता. इतका, की त्याच्या मॉनिटरच्या पाठीवर मांजर झोपू शकायचं. त्याला आवाजाची वेगळी सोय नव्हती. आत फक्त रुपयाएवढा एक स्पीकर होता, बटण दाबलं की "टीं" करणारा. त्या स्पीकरला दोनच गोष्टी येतात, पडदा ओढणं आणि सोडणं. पण तेच ओढणं-सोडणं सेकंदाला हजारो वेळा, प्रत्येक वेळ अचूक सांभाळून केलं, तर त्यातून चक्क माणसाचा आवाज निघतो. अट एवढीच, की ते चालू असताना संगणकानं दुसरीकडं ढुंकून पाहायचं नाही. सरांनी असा प्रोग्राम ऐन उमेदीत लिहिला होता आणि कॉलेजच्या गॅदरिंगला संगणकाकडून "सुस्वागतम्" म्हणवून घेतलं होतं. प्राचार्यांनी शिपायाला बोलावून कपाटात कोण अडकलंय ते पाहायला सांगितलं. पुढच्या वर्षी सगळ्यांच्या संगणकांना चांगले स्पीकर आले आणि सरांच्या प्रोग्रामची कुणाला गरज उरली नाही. "तुमचा संगणक बोलतो हो," नंदिनीबाई म्हणायच्या, "पण तुमच्याशीच." तेव्हापासून तो प्रोग्राम एका गरजू माणसाची वाट पाहत होता. गरजू म्हैस निघेल हे सरांच्याही डोक्यात नव्हतं.

कृष्णातनं मॉनिटर एका काखेत आणि संगणकाचं खोकं दुसऱ्या काखेत घेऊन भिंत ओलांडली. सरांनी बंगल्यातून वायर ओढली. संगणक वैरणीच्या पेंढ्यांवर बसवला. आतला स्पीकर वायरींसकट बाहेर काढून तेलाच्या रिकाम्या पंधरा किलोच्या डब्याच्या तोंडात चिकटवला, आणि डबा मोगराच्या पोटाशी, तानाबाईंचं डोकं असायचं तिथं, विटांवर ठेवला. प्रिंटर जोडायच्या जागी सरांनी पूर्वी स्वतः कथलाचे डाग देऊन बनवलेली सर्किटची एक पट्टी होती. तिच्या माईकला मोबाईल बारीक आवाजात चिकटवून धरला की बोलणं आकड्यांमध्ये उतरून संगणकात जायचं.

"चार मिनिटं दहा सेकंद बसणार नाही," सर म्हणाले. "याच्या स्मरणात एका वेळी अकरा सेकंद मावतात."

कृष्णातनं संगणकाकडं खालीवर पाहिलं. "एवढ्या मोठ्या धुडात?"

"हो."

"आईचं नुसतं खाकरून हुईस्तवर अकरा सेकंद जात्यात, सर."

"म्हणून तुकडे करू. तेवीस तुकडे होतील. मोगरा कुठल्या तुकड्याला पान्हा सोडते ते पाहायचं. पहिल्यापासून, क्रमानं. मधला गाळायचा नाही. शास्त्र आहे हे."

सव्वाचारला पहिला तुकडा लागला. तेलाच्या डब्यातून खरखर झाली, आणि मग खडी भरलेल्या घागरीत बसून कुणी बोलावं तशा तानाबाई बोलल्या, "उभी ऱ्हा गं बाय. पाय सरळ कर. हां. माशा लई झाल्यात न्हवं आज?"

मोगराचा कान हलला.

"कान हलला," सर म्हणाले.

"माशी बसलीती, सर."

चौथ्या तुकड्याला तेजस्वीची भाकरी आली. "आमच्या तेजस्वीची भाकरी म्हंजी, काय सांगू तुला मोगरे, परवा मी तव्यावरच बघितली आन् मनात म्हटलं, ह्या पोरीला..." आणि अकरा सेकंद संपले.

"ह्यो म्होरचा तुकडा गाळू, सर," कृष्णात म्हणाला. "त्यात काय न्हाय. मी ऐकलाय."

"गाळायचा न्हाय," तेजस्वी म्हणाली. "शास्त्र हाय ते. लावा सर."

सरांनी पाचवा लावला. "...ह्या पोरीला भाकरी माझ्यापेक्षा चांगली येतीया. पापुद्रा बघ कसा धरतीया. सासू हाय म्हणून तोंडावर सांगत न्हाय, फुगंल. पण म्हातारपणी आयतं गरम खातोय, ते हिच्यामुळं. तिच्या चाचं दूध सोड."

तेजस्वी घरात गेली. परत आली तेव्हा तिनं सगळ्यांना चहा आणला होता. कोराच होता, पण सरांनी दोन कप घेतले.

आता सरांच्या लक्षात येऊ लागलं. तानाबाई म्हशीला नुसतं चुचकारत नव्हत्या. धारेला बसलं की आज दूध कुणाकुणाच्या घरी जायचं, आणि त्या माणसानं आपलं काय भलं केलंय, ते त्या एकेक नाव घेऊन मोगराला सांगायच्या. मोगरानं दूध द्यायचं ते माणूस बघून. पण सरांनी याचा फार विचार केला नाही, कारण एक तांत्रिक अडचण उभी राहिली होती. धार काढायला वेळ लागतो, अकरा सेकंद पुरत नाहीत. म्हणून त्यांनी प्रोग्रामला सांगितलं, की तुकडा संपला की तोच पुन्हा सुरू कर. आणि नेमका नववा तुकडा लावला.

"झुंबरबाईचा चा म्हंजी," डबा म्हणाला, "नुसतं गरम पाणी. रंग बघून मी इचारलं, बाई, पत्ती टाकलीस का इसरलीस? वर साखर तर बोटानं मोजून टाकलीया..."

आणि पुन्हा पहिल्यापासून. तेलाचा डबा दणकट होता. पत्र्याला पत्रा लागून आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. तिसऱ्या वेळी कृष्णात म्हणाला, "बंद करा, सर."

सरांनी एस्केप दाबला. मग ती बटणं दाबली, जी संगणकाला शेवटचा उपाय म्हणून दाबतात. तानाबाई साखर मोजतच होत्या.

"तो ऐकत नाही," सर म्हणाले.

"का ऐकत न्हाय?"

"मीच त्याला सवय ठेवली नाही. बटणं ऐकत बसला तर आवाज अडखळतो. काम चालू असताना त्यानं कुणाचंही ऐकायचं नाही, हेच तर या प्रोग्रामचं वैशिष्ट्य आहे."

संगणकाचं चालू-बंदचं बटण केव्हाच मोडलं होतं, आणि वायरची पिन सरांच्या स्वयंपाकघरात होती. कृष्णात भिंतीवरून उडी मारून पळाला. तो पोचेपर्यंत चहाचं गरम पाणी चौदा वेळा झालं होतं आणि गोठ्याच्या दारात झुंबरबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"सर, तुमी शिकलेलं माणूस," त्या म्हणाल्या. "डब्यात घालून माझी बदनामी करालायसा व्हय?"

"झुंबरबाई, हा फक्त नववा तुकडा आहे."

"म्हंजी अजून हायत?"

"दहावा आहे. पण तो लावायला चार मिनिटं लागतील. वीज गेली की याला सगळं पहिल्यापासून आठवावं लागतं."

"लागू देत." झुंबरबाईंनी पाटीवरचं शेण झटकून ती उपडी घातली आणि तिच्यावर बसल्या. "म्होरं काय म्हणतीया ते ऐकल्याबिगर मी हालत न्हाय. नंतर गडहिंग्लजला जातो आन् दुसरा पाय बघतो तिचा."

ती चार मिनिटं लांब होती. संगणकानं कुरकुर केली, टीं केलं, आपली स्मरणशक्ती मोजून दाखवली. सरांनी दहावा तुकडा भरला, पुन्हापुन्हाचा आकडा तीनवर आणला आणि बटण दाबलं.

"...पण मोगरे, थंडीतापानं मी आठ दिस पडलोतो, धारेपुरतं उठायचो, तवा तुझं शेण ह्या झुंबरनंच काढलं. नाकाला पदर न लावता. सख्खी भैन करत न्हाय. तिच्या चाला दूध लागतंय म्हणूनच पातळ हुतोय बिचारा. तिचं सोड बाय."

तीनदा झालं. झुंबरबाईंनी पदरानं नाक पुसलं. मग त्या म्हणाल्या, "पत्ती कमी पडतीया खरी. आमच्या ह्यांना पित्त हाय."

बातमी पसरायला वेळ लागला नाही. तानाबाईंचं दूध अकरा घरी जायचं. साडेपाचपर्यंत त्यांतली सात घरं गोठ्याबाहेर उभी होती, आणि प्रत्येकाला आपला तुकडा कितवा ते हवं होतं. झुंबरबाईंनी पाटीवरून कारभार हाती घेतला. "चिमणाबाई, मागं हो. तुझं अजून आलं न्हाय. सर, तिला सांगा तिचं हाय म्हणून, न्हाईतर रडंल."

सर तुकडे लावत होते. कुणाला शिव्या निघाल्या, त्याच्या पुढच्या तुकड्यात आभार निघाले. अकरा सेकंदांत तानाबाईंचं एक मन मावायचं आणि दुसरं बाहेर राहायचं, त्यामुळं पुढचा तुकडा भरेपर्यंतचा वेळ प्रत्येकाला जड जायचा. मोगरा मात्र कशालाच दाद देत नव्हती. सहा वाजून गेले. तिनं खाणं सोडलं होतं. एक पाय उचलून ती दुसऱ्यावर भार द्यायची, मग बदलायची. कृष्णातनं कासेला हात लावला की अंग थरथरायचं.

"एकवीस झालं," कृष्णात म्हणाला. "सुईच लावू या सर. आईचे पाय धरतो मी मागनं. एक तर प्लास्टरमधी हाय."

"दोन राहिलेत."

"तेविसाव्यात नुसतं 'झालं बंद कर' हाय. मघा शेवट तेवढा लावून बघितलाय."

"मग एक राहिलाय," सर म्हणाले, आणि बाविसावा भरला. भरताना मोबाईलमधलं बोलणं त्यांनी नीट ऐकलं नाही. माईकच्या पट्टीवरचा काटा किती हललाय याच्यावर त्यांचं लक्ष होतं. त्यांनी बटण दाबलं.

"आन् शेवटचं सरांचं," डबा म्हणाला. "बाई गेल्यापास्नं सकाळचा पैला सबूद आपल्यासंगट बोलतोय त्यो माणूस. त्येच्या चाला उशीर करायचा न्हाय. सोड, माझी बाय."

मोगरानं मागचे दोन्ही पाय फाकवले. पाठ खाली आली. कृष्णात खाली वाकला आणि तसाच थांबला.

"सर," तो हळूच म्हणाला, "सड भरलं."

दुसऱ्यांदा तुकडा वाजताना पहिली धार बादलीत पडली. तिसऱ्यांदा वाजून संपला आणि डबा गप्प झाला. मोगरानं मान वळवून डब्याकडं पाहिलं. धार बारीक झाली, मग थांबली.

"लावा सर. बंद पडू देऊ नका. न थांबता लावा."

सरांची बोटं बटणांवर होती. गोठ्यात झुंबरबाई, तेजस्वी, बाहेर सात घरं, आणि सगळ्यांची नजर संगणकावर नसून सरांवर होती. आपल्याविषयी कुणी काय म्हणालं ते एकदा ऐकणं वेगळं. तेच पुन्हापुन्हा वाजत राहावं अशी आज्ञा स्वतःच्या बोटांनी लिहिणं वेगळं, तीही एस्केप न ऐकणाऱ्या यंत्राला. सरांनी आकडा पुसला आणि अखंड लावलं.

"सर, तुमी पायजे तर घरात जावा," झुंबरबाई पहिल्यांदाच खालच्या आवाजात म्हणाल्या.

"मला हलता येणार नाही. काही बिघडलं तर बघावं लागेल."

बिघडण्यासारखं काही नव्हतं. सर मॉनिटरकडं पाहत बसले. मॉनिटरवर काही नव्हतं, कारण बोलत असताना तो संगणक पडद्याकडंही बघत नसे. सर सवयीनं मोजत होते. बाई गेल्यापासून सकाळचा पहिला शब्द ते कुणाशी बोलतात, हे त्यांनी बेचाळीस वेळा ऐकलं. विसाव्याच्या सुमारास त्यांनी चष्मा काढून पुसला. पंचविसाव्याला पुन्हा पुसला. धूळ फार होती, वैरणीची.

बादली भरली. दुसरी अर्धी झाली. कास सैल पडली, मोगरानं लांब श्वास सोडला आणि पेंडीत तोंड घातलं. त्याच वेळी डॉक्टर दारात आले. हातात सुईची पेटी, समोर गर्दी, आणि तेलाच्या डब्यातून एका बाईचा आवाज. ते थोडा वेळ ऐकत राहिले, मग त्यांनी कास दाबून पाहिली.

"हे कुठलं औषध दिलंत?"

"अकरा सेकंद," कृष्णात म्हणाला.

कुणीतरी जाऊन पिन काढली. सर वायर गुंडाळायला भिंतीपलीकडं गेले, तेवढ्यात तानाबाईंचा फोन आला. कृष्णातनं झालं ते सगळं सांगितलं. संगणक, डबा, तुकडे, बाविसावा.

"येडा का खुळा तू," तानाबाई म्हणाल्या. "सरांचं नाव शेवटी येतंय. ते आल्याबिगर ती कदीच सोडत न्हाय, मग मी हितनं बोलू दे न्हाईतर मोबाईल. तू सगळं लावलंतास का दुपारी?"

कृष्णातनं मोबाईल दुसऱ्या कानाला लावला.

"मधीच बंद केलंतास न्हवं? मोबाईल कानाला लाव, चार मिनिटं गप उभा ऱ्हा, सोडतीया. त्या देवमाणसाला कशाला राबवलंस?"

कृष्णातनं भिंतीपलीकडं पाहिलं. सर तेलाच्या डब्याचं तोंड स्वतःच्या रुमालानं पुसत होते. गॅदरिंगनंतर तीसेक वर्षांनी त्यांच्या प्रोग्रामनं काम केलं होतं, आणि ते ओठांतल्या ओठांत कसलासा सूर धरत होते. इतक्या वर्षांत त्यांना असं कुणी पाहिलं नव्हतं.

"काय म्हणतायत तानाबाई?" सरांनी विचारलं.

"आई म्हणतीया," कृष्णात म्हणाला, "मोबाईलवर हुनार न्हाय. डबाच पायजे. सकाळी साडेपाचला लागंल, सर."

"मी पाचला तयार असतो," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी क्रांतीनं आभार मानायला सरांना फोन केला. बोलता बोलता तिनं सांगून टाकलं, की आईच्या मते मोबाईलवरसुद्धा चाललं असतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत लावायचं एवढंच. कृष्णातदादाला कालच सांगितलंय. तुम्ही उगीच एवढं ओझं नका उचलू. सर "बरं, बरं" म्हणाले. मग त्यांनी फोन ठेवला. कृष्णातला कालच कळलंय, आणि तरी तो आज पहाटे मॉनिटर काखेत मारून भिंत ओलांडून गेला, सांभाळून, लहान मूल न्यावं तसा. सरांनी या गोष्टीवर विचार केला. मग ते बाजारात जाऊन लांब वायर घेऊन आले, म्हणजे रोज ओढायला नको.

तीन आठवडे रोज दोन वेळा संगणक गोठ्यात आला. दोघांपैकी कुणीही मोबाईलचं नाव काढलं नाही. एकदा झुंबरबाईंनी काढलं. तेव्हा सरांनी त्यांना आवाजातल्या कंपनांविषयी पाऊण तास सांगितलं आणि त्यांनी तो विषय कायमचा सोडला.

तानाबाई आल्या त्या काठी टेकत, आणि घरात न जाता आधी गोठ्यात गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मोगराच्या पोटाला डोकं टेकवून बसल्या. पायाजवळचा डबा त्यांनी काठीनं बाजूला सारला. सर भिंतीशी येऊन उभे होते. बघायला आलोय, म्हणाले.

तानाबाईंनी सुरुवात केली. माशा झाल्या, पेंड झाली. तेजस्वीचं त्या आता फार हळू बोलल्या. झुंबरचा चहा झाला, चिमणाबाई झाली, एकेक घर होत आलं. मग त्या थांबल्या.

"सर, तुमी घरात जावा."

"का?"

"म्होरं तुमचं हाय."

"तानाबाई, मी ते ऐकलंय. पुष्कळ वेळा."

"डब्यातनं ऐकलासा. मी बोलताना न्हवं." तानाबाईंनी मान वर केली नाही. "असलं तोंडावर बोलायचं नसतंय. जावा, चाचं आदण ठेवा."

सर गेले. स्वयंपाकघरातून गोठ्यातलं काही ऐकू येत नाही. त्यांनी पातेल्यात पाणी घेतलं, गॅस पेटवला आणि खिडकी उघडून थांबले. बराच वेळ काहीच नव्हतं. मग भिंतीपलीकडं रिकाम्या बादलीत पहिली धार वाजली.

आपलं नाव येऊन गेलं हे सरांना कळलं. त्यांनी साखर टाकली, आणि घंटेची वाट पाहत दार नुसतं लोटून घेतलं.